ब्रेबॉर्न स्टेडियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चगेट परिसरातल्या जुन्या क्रिकेटबद्दल मी थोडंफार लिहीत असतो, त्यामुळे ब्रेबॉर्नवरचे प्रश्न सतत येत राहतात. तेच तेच उत्तर किती वेळा टाइप करायचं, म्हणून सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा सांगितलेला नाही, फक्त कुठे बघायचं ते लिहिलं आहे. पहिले काही प्रश्न अगदी साधे आहेत. जाणकारांनी थेट प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल.

१. ब्रेबॉर्न आणि वानखेडे एकच का? मी नेहमी गोंधळतो.

एक नाहीत. पण दोन्ही चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ असल्यामुळे मॅचच्या दिवशी चुकीच्या बाजूला जाणारे लोक आजही दिसतात. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रोड ओलांडलात आणि मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघालात, की डाव्या हाताला ब्रेबॉर्न. रुळांच्या कडेने उत्तरेला मरीन लाइन्सकडे गेलात तर वानखेडे. ब्रेबॉर्न १९३७ चं, वानखेडे १९७४ चं. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआय या खासगी क्लबचं. वानखेडे मुंबई क्रिकेट असोसिएशनचं. हा मालकीचा फरक ध्यानात ठेवा, पुढची अर्धी कथा त्यावरच उभी आहे.

२. स्टेडियम समोर असूनही रस्त्यावरून मैदान का दिसत नाही?

बाहेरच्या बाजूने इमारती, दुकानं, कचेऱ्या आहेत आणि मैदान त्यांच्या पोटात आहे. वर बघितलं तर दिव्यांचे खांब दिसतात, तेवढीच खूण. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तीस वर्षं याच रस्त्याने नोकरीला जात होते. त्यांनी आतली हिरवळ पहिल्यांदा पाहिली ती निवृत्तीनंतर, भाच्याच्या लग्नाच्या रिसेप्शनला!

३. हे स्टेडियम कोणी आणि कधी बांधलं?

सीसीआयची स्थापना १९३३ ची, नोंदणी दिल्लीची. तिच्यामागचा खरा हलवणारा माणूस म्हणजे अँथनी डिमेलो. भारतीय क्रिकेट मंडळ उभं करण्यातही त्यांचा मोठा हात होता. इंग्लंडात एमसीसीचं लॉर्ड्‌स आहे, तसं आपल्या क्लबचं हक्काचं मैदान हवं, हे त्यांच्या मनात होतं. क्लब दिल्लीहून मुंबईला आला, २२ मे १९३६ रोजी पायाभरणी झाली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी उद्घाटन. आराखडा ग्रेगसन, बॅटली अँड किंग या मुंबईतल्या नामांकित वास्तुविशारदांचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं. पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत दीड वर्षापेक्षा थोडाच जास्त वेळ. आजच्या मुंबईत एवढ्या वेळात उड्डाणपुलाच्या फलकाचा रंगही वाळत नाही.

४. गव्हर्नरला "पैसे हवेत की अमरत्व" असं विचारून जमीन मिळवली, हा किस्सा खरा आहे का?

डिमेलोंच्या नावावर तो इतकी वर्षं सांगितला जातो आहे, की आता तो इतिहासाचाच भाग झाला आहे. गोष्ट अशी: मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्याकडे डिमेलो जागा मागायला गेले आणि त्यांनी विचारलं, खेळाडूंकडून आपल्याला काय आवडेल, सरकारसाठी पैसे की स्वतःसाठी अमरत्व? साहेबांनी अमरत्व निवडलं.

संवाद शब्दशः असाच झाला का यावर मी पैज लावणार नाही. पण व्यवहार खरा आहे. बॅकबे भरावातून मिळालेली सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन १३.५० रुपये यार्डाने क्लबला मिळाली. गुणाकार केलात तर बारा लाख पंधरा हजार रुपये होतात. आज त्या भागात एवढ्या पैशांत गाडी उभी करण्याइतकी जागा मिळाली, तर मला जरूर कळवा.

५. मग उद्घाटन लॉर्ड ब्रेबॉर्ननेच केलं असणार?

नाही. प्रश्नमंजूषेत हमखास चुकणारं उत्तर आहे हे. त्यांनी कोनशिला बसवली, पण स्टेडियम पूर्ण होईपर्यंत त्यांची बदली बंगालच्या गव्हर्नरपदी झाली होती. उद्घाटन नवे गव्हर्नर रॉजर लमली यांनी केलं आणि पहिला सामना सीसीआय विरुद्ध लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ असा झाला. ब्रेबॉर्न फेब्रुवारी १९३९ मध्ये कलकत्त्यात वारले. अमरत्व पदरात पडलं, उपभोगायला दोनेक वर्षंही मिळाली नाहीत.

६. भारतातली पहिली कसोटी ब्रेबॉर्नवर झाली ना?

नाही. ती डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथ यांचं पदार्पणातलं शतक, ११८ धावा, तिथलं. त्याआधीपासून धर्म-वंशावर बेतलेल्या संघांचे तिरंगी, चौरंगी सामनेही (प्रश्न ७ बघा) जिमखान्याच्याच मैदानावर होत. मात्र तो जिमखाना गोऱ्यांचा. भारतीय खेळाडू तिथे खेळू शकत, सभासद होऊ शकत नव्हते. आपल्या लोकांना आपलं मैदान हवं होतं त्यामागे हीसुद्धा बोच होती. ब्रेबॉर्नवरची पहिली कसोटी डिसेंबर १९४८ ची, वेस्ट इंडिजविरुद्ध.

७. आजोबा "पंचरंगी" सामन्यांबद्दल बोलायचे. ते हेच का?

हेच. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावर आणि वंशावर बेतलेले चार संघ आधी होते. १९३७ पासून "रेस्ट" हा पाचवा संघ आला, त्यात ख्रिस्ती वगैरे उरलेले सगळे. स्पर्धा त्याच वर्षी जिमखान्यावरून ब्रेबॉर्नवर आली.

आणि इथेच या मैदानाच्या स्वभावाची पहिली झलक दिसते. नव्या स्टेडियमवरच्या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघ उतरलाच नाही. कारण खेळपट्टी नव्हतं, पंच नव्हते. आपल्या जिमखान्याच्या वाट्याला खुर्च्या कमी आल्या, हे कारण! रंग ओला असल्यापासून या स्टेडियमवर भांडण जागांचंच आहे. प्रश्न १३ आणि १६ वाचताना हे आठवा.

पुढे या धर्माधारित स्पर्धेला विरोध वाढत गेला. १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींचं मत घ्यायला गेली, तेव्हा त्यांनीही नापसंती दाखवली. १९४५-४६ च्या हंगामानंतर स्पर्धा बंद पडली. गर्दी मात्र शेवटपर्यंत ओसंडून वाहत होती, हेही खोटं नाही.

८. हजारे आणि मर्चंट यांच्यातली ती प्रसिद्ध चढाओढ नक्की काय होती?

हे उत्तर लांबणार, कारण माझ्या मते या मैदानावर इतकं चढाओढीचं क्रिकेट पुन्हा क्वचितच झालं.

वर्ष १९४३, पंचरंगी स्पर्धा. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे "रेस्ट"कडून खेळत. मुस्लिम संघाविरुद्ध त्यांनी २४८ धावा काढल्या, स्पर्धेतला तो विक्रम. अंतिम सामन्यात समोर हिंदू संघ आणि विजय मर्चंट. मर्चंटनी नाबाद २५० काढून विक्रम हिसकावला आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला, त्यात हजारेंच्या ५९. फॉलोऑन.

दुसऱ्या डावात रेस्टच्या एकूण धावा झाल्या ३८७. त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. धाकटे बंधू विवेक हजारे यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, तिच्यात विवेकचा वाटा होता २१! एका टोकाला धाकटा भाऊ नुसता बॅट लावून उभा, दुसऱ्या टोकाला थोरला विक्रम परत घेतोय. सामना रेस्टने डाव आणि ६१ धावांनी गमावला, पण आज कोणाला निकाल आठवतो?

मर्चंट गप्प बसणारे नव्हते. त्याच हंगामात, काही आठवड्यांतच, त्यांनी याच मैदानावर महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ ठोकल्या.

९. ब्रेबॉर्नची खासियत काय होती? जुने खेळाडू एवढं कौतुक का करतात?

एक म्हणजे पव्हेलियन हाच क्लब होता. राहायच्या खोल्या तिथेच, त्यामुळे खेळाडू सकाळी उठून जिना उतरला की मैदानात. आपला नंबर येईपर्यंत स्वतःच्या खोलीच्या गच्चीतून मॅच पाहता येई. दुसरं, प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ बसतात. स्टँड बुटके आहेत. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात तर सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या बुटांचे खिळे गवतातून निघताना होणारा बारीक चर्र आवाज ऐकू येतो. मोठ्या स्टेडियमवर ही मजा नाही. आजची क्षमता साधारण २०,००० आहे, जुन्या काळी याहून बरीच जास्त माणसं आत कोंबली जायची.

खेळपट्टी मात्र फलंदाजांची लाडकी. गोलंदाजांना विचाराल तर ते कौतुक जरा आवरतं घेतील.

१०. इथल्या कोणत्या कसोट्या लक्षात ठेवाव्यात?

एकूण १८ झाल्या: १९४८ ते १९७३ या काळात १७ आणि मग एकदम २००९ मध्ये एक (ती का, ते प्रश्न १५ मध्ये). माझी निवड सांगतो, तुमची वेगळी असू शकते.

फेब्रुवारी १९४९, वेस्ट इंडिज. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. ३६१ चं लक्ष्य, हजारेंचं शतक, धावफलक ८ बाद ३५५. हव्यात सहा धावा. आणि पंचांनी खेळ संपल्याचं जाहीर केलं. षटकातला एक चेंडू टाकायचा बाकी होता आणि घड्याळातही दीडेक मिनिट शिल्लक होतं! तो चेंडू पडला असता तर काय, यावर दादरच्या कट्ट्यांवर दोन पिढ्यांचा वेळ गेला.

१९५२ मध्ये पाकिस्तानला दहा गडी राखून हरवलं, तो मुंबईतला पहिला कसोटी विजय. याच सामन्यात विनू मंकड यांनी २३ व्या कसोटीतच हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी टप्पा गाठला. त्यांच्या २२३ धावाही इथल्याच, १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध.

ऑक्टोबर १९६४, ऑस्ट्रेलिया. लक्ष्य २५४. पतौडींच्या ५३, विजय मांजरेकरांची चिवट खेळी आणि शेवटी चंदू बोर्डे उभे. दोन गडी राखून जिंकलो तो दिवस दसऱ्याचा. शहराने सोनं दोनदा लुटलं.

१९६६ मध्ये चंद्रशेखर यांनी ११ बळी घेतले, तरी वेस्ट इंडिज जिंकलं, कारण चष्मा लावलेल्या एका उंच पोराने पदार्पणात ८२ आणि नाबाद ७८ काढल्या. क्लाइव्ह लॉइड. हे महाशय प्रश्न १३ मध्ये पुन्हा भेटतील.

११. मैदानात धावत येऊन क्रिकेटपटूचा मुका घेतल्याचा प्रसंग इथलाच का?

होय, जानेवारी १९६०, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. अब्बास अली बेग देखणे, ऑक्सफर्डचे विद्यार्थी, आणि त्यांनी अर्धशतक झळकावलं होतं. एक तरुणी स्टँडमधून धावत आली, गालाचा मुका घेतला आणि परत गेली. त्या वर्षी मुंबईत स्कोअरपेक्षा चर्चा याचीच जास्त झाली. (ब्रिजेश पटेल यांच्या बाबतीतला प्रसंग वेगळा, तो १९७५ चा आणि वानखेडेवरचा. दोन्ही एकत्र करून पाठवणारे बरेच आहेत.)

१२. इथे दंगल झाली होती का?

झाली होती, नोव्हेंबर १९६९ मध्ये. बिल लॉरींचा ऑस्ट्रेलियन संघ, भारताचा दुसरा डाव कोसळत असताना वेंकटराघवन यांना यष्टीमागे झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नाही असं प्रेक्षकांचं ठाम मत पडलं. लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते आणि समालोचनातही निर्णयाबद्दल नाराजी ऐकू आली, मग भडका उडाला. बाटल्या मैदानात आल्या, खुर्च्या आणि कनाती पेटल्या. धुरात खेळ चालू राहिला आणि भारत आठ गडी राखून हरला. जळक्या कापडाचा वास पार स्टेशनापर्यंत येत होता, असं आमचे एक शेजारी सांगत.

१३. एवढं चांगलं स्टेडियम असताना हाकेच्या अंतरावर वानखेडे का बांधलं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर एका शब्दात: तिकिटं.

कसोटी भरवायची मुंबई असोसिएशनने, मैदान सीसीआयचं. असोसिएशनशी संलग्न क्लबांची संख्या मोठी, मैदानी क्रिकेट जगवणारे तेच, आणि कसोटीच्या वेळी त्यांना मिळणारी तिकिटं अपुरी. क्लबाचं म्हणणं, स्टेडियम आमच्या पैशाने उभं राहिलं, आधी आमचे सभासद. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, म्हणूनच ते मिटेना. माझा कल विचाराल तर तो असोसिएशनकडे. क्रॉस मैदानात भर उन्हात रोलर ओढणाऱ्याला कसोटीचं तिकीट मिळू नये, हे काही खरं नव्हे.

असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, काँग्रेसचे वजनदार नेते आणि १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. सीसीआयची सूत्रं होती विजय मर्चंट यांच्याकडे, तेच नाबाद ३५९ वाले. काही आमदारांना ब्रेबॉर्नवर सामना भरवायचा होता, मर्चंटनी नकार दिला आणि वानखेडे इरेला पेटले, असं सांगितलं जातं. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यावर स्टेडियम उभं राहिलं ते झपाट्याने, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. तिच्यात नाबाद २४२ धावा कोणी काढल्या असतील? क्लाइव्ह लॉइड. आणि त्यांचं अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बदडलं म्हणून तिथेही दंगल झाली. नवं मैदान, जुनी चाल.

१४. सुनील गावस्कर मुंबईचे, म्हणजे ब्रेबॉर्नवर भरपूर कसोट्या खेळले असतील?

एकच. फेब्रुवारी १९७३, इंग्लंडविरुद्ध, दुसऱ्या डावात ६७. त्यांचं पदार्पण १९७१ चं वेस्ट इंडिजमध्ये, आणि पुढच्या घरच्या मालिकेपर्यंत वानखेडे तयार झालं होतं. त्याच कसोटीत फारुख इंजिनियर आणि गुंडप्पा विश्वनाथ यांची शतकं झाली. सामना अनिर्णित, मालिका आपण २-१ ने जिंकली, आणि ब्रेबॉर्नचा कसोटी संसार तिथे थांबला.

१५. मग १९७३ नंतर इथे क्रिकेट बंदच होतं का?

कसोट्या बंद होत्या, क्रिकेट नाही. १९८९ च्या नेहरू चषकात ऑस्ट्रेलिया–पाकिस्तान हा इथला पहिला एकदिवसीय सामना झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये मुंबईकडून खेळताना सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २०४ काढल्या. शेन वॉर्नला कसोटी मालिकेआधीच पुढची चाहूल लागली. २००६ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना इथला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजला हरवलं. भारतभूमीवरचा भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामनाही इथलाच, ऑक्टोबर २००७.

आणि २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर आली. छत्तीस वर्षांनी. वीरेंद्र सेहवाग दुसऱ्या दिवसअखेर नाबाद २८४ होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिशतक बघायला लोक डबे घेऊन आले आणि मुरलीधरनने स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेतला, २९३. अख्खं स्टेडियम क्षणभर चिडीचूप. भारताने ९ बाद ७२६ वर डाव सोडला, श्रीलंकेला डावाने हरवलं आणि कसोटी क्रमवारीत पहिल्यांदा अव्वल स्थान गाठलं.

१६. २०१८ चा वेस्ट इंडिजविरुद्धचा सामना वानखेडेवरून इथे का हलवला?

फुकट पासांचा वाटा आणि त्या वेळचा असोसिएशनमधला प्रशासकीय गोंधळ. सामना २९ ऑक्टोबरला झाला, रोहित शर्माच्या १६२, अंबाती रायुडूचं शतक, २२४ धावांनी विजय. खुर्च्यांच्या भांडणातून हिरमुसलेल्या ब्रेबॉर्नला चाळीसहून अधिक वर्षांनी खुर्च्यांच्याच भांडणातून सामना परत मिळाला. याला म्हणतात काव्यगत न्याय.

१७. सचिन इथे पाकिस्तानकडून खेळला होता, हे फॉरवर्ड खरं की खोटं?

खरं, पण "खेळला" म्हणजे क्षेत्ररक्षण केलं. जानेवारी १९८७ मध्ये सीसीआयच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनी सामन्यात, इम्रान खानच्या संघाचे गडी जेवणाच्या सुमारास मैदानाबाहेर असताना, तेरा वर्षांचा सचिन बदली म्हणून उतरला होता. अधिकृत सामना नव्हता, त्यामुळे विक्रमांच्या पुस्तकात शोधू नका.

१८. महिला क्रिकेटशी या मैदानाचा काय संबंध?

चांगलाच घट्ट. २०१३ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला, ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजला ११४ धावांनी हरवलं. महिला प्रीमियर लीगचा २०२३ मधला पहिला अंतिम सामना इथेच, आणि २०२५ चाही. दोन्ही वेळा जिंकली मुंबई, हरली दिल्ली. त्या सामन्यांना आई, मावशी, शाळेच्या मुली असा जथा आला होता. बुटक्या स्टँडचा खरा उपयोग त्या दिवशी कळला: दहा-बारा वर्षांच्या पोरी कठड्याला टेकून हरमनप्रीतला नावाने हाका मारत होत्या आणि तिला त्या ऐकू जात होत्या.

१९. मॅच नसताना आत जाऊन बघता येतं का?

क्लब खासगी आहे, त्यामुळे सहज आत शिरता येत नाही. सभासदाच्या ओळखीने पाहुणा म्हणून जाता येतं. पोशाखाचे नियम आधी विचारून घ्या, चपलांवरून परत फिरावं लागलेले लोक मला माहीत आहेत. ओळख नसेल तर सार्वजनिक तिकिटं असलेल्या सामन्याची वाट बघा. तिकिटावर गेट आणि स्टँड नीट वाचा. उन्हाच्या वेळी खुल्या स्टँडमध्ये टोपी हवीच. आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर उजवीकडे जाणाऱ्या गर्दीमागे निघू नका, प्रश्न १ बघा.